कोल्हापूर: नवीन जॉब गोकुळ शिरगावला, घर फुलेवाडीत. बसनं जावं का टू-व्हीलर गाडी घ्यावी?

रंकाळा_सकाळ:
सोमवारपासून गोकुळ शिरगाव एमआयडीसीत जॉइन होतोय, क्वालिटीला, एका मशीनशॉपमधी. घर फुलेवाडीत, म्हणजे शहराच्या ह्या टोकाला घर आणि त्या टोकाच्याही पलीकडं काम, पंधरा-सोळा किलोमीटर तरी असंल. घरातले म्हणतात गाडी घे, हप्ता भरू. माझं म्हणणं प्रोबेशन संपेपर्यंत सहा महिने बसनंच जायचं, नोकरीच टिकली नाही तर हप्ता कोण भरणार? सिटी बसनं सीबीएस, म्हणजे मध्यवर्ती बसस्टँड, तिथनं कागलकडची एसटी, गोकुळ शिरगावला उतरून आत पंधरा मिनिटं चालत. काल ट्रायल मारून आलो. घरातनं ६.४० ला निघालो, गेटवर ७.५५. शिफ्ट ८.३० ची. मला तर जमंल असं वाटतंय. ज्यांनी केलंय त्यांनी सांगा, ज्यांनी नाही केलं ते काय सांगितल्याशिवाय राहणार नाहीतच.

ई_वॉर्ड:
भावा, नाद सोड. हितं पोरगं बारावी झालं की दारात गाडी येते आणि तू नोकरी लागल्यावर बसमधी बसायला निघालायस. सव्वा तास लागला म्हणतोस, गाडीवर पस्तीस-चाळीस मिनिटांत पोचशील. जाऊन-येऊन दिवसाला सव्वा तास वाचला तर पंचवीस दिवसांचे तीस तासाच्या वर होतात. तेवढ्यात माणूस रोज तालमीत जाऊन येईल, नाहीतर झोपेल तरी.

फौंड्रीवाला_काका:
ई वॉर्डवाल्या, हिशोब बरोबर हाय पण तू हायवे धरलेला नाहीस. मी शिरोलीत फौंड्रीत एकोणीस वर्षं काढली, त्यातली अकरा गाडीवर. आता तर सहापदरीकरण चालू, आज हितनं सर्व्हिस रोड तर उद्या तिकडनं डायव्हर्जन, धूळ तर अशी की घरी गेल्यावर रुमाल काळा निघतोय. आणि कारखाने सुरू झाले की उसाचे ट्रॅक्टर, मागं दोन-दोन ट्रॉल्या. सेकंड शिफ्ट सुटून येताना एकदा पुढं काळं काहीतरी दिसलं, मला वाटलं सावली हाय. ट्रॉलीला मागं लाईट नाही, रिफ्लेक्टर नाही, नुसते उसाचे शेंडे. ब्रेक दाबला, गाडी आडवी, माझं गुडघं फुटलं. ट्रॉलीवाल्याला कळलंसुद्धा नाही, तो तसाच पुढं निघून गेला. त्या दिवसापासनं मी एसटीत. खिडकीला डोकं लावायचं आणि झोपायचं. तुझे ते तीस तास मी झोपलोय बघ.

ई_वॉर्ड:
काका तुमचं खरं, पण सकाळचा प्रश्नच नाही ओ, सकाळी सगळं मिळतं. परत येताना काय? नवीन माणसाला साहेब पाच वाजता म्हणणार जरा हे चार पार्ट चेक करून जा. ते होईपर्यंत साडेसात. मग हायवेला हात करत उभं राहायचं, लांबपल्ल्याची थांबत नाही, वडाप, म्हणजे शेअरची जीप, भरल्याशिवाय हलत नाही, आणि सीबीएसला पोचून परत फुलेवाडीची बस. ट्रायलला एकदा जाणं वेगळं आणि सहा महिने रोज जाणं वेगळं. मी दोन महिने केलंय, उगाच बोलत नाही. वडापमधी तर ड्रायव्हरच्या शेजारी तिसरा बसायचो, गिअर टाकायच्या वेळी गुडघा उचलायचा.

पुणेरी_पाव्हणा:
दादा, एक सुचवतो. एसटीचा मासिक पास काढा. २० दिवसांचं भाडं भरायचं आणि ३० दिवस प्रवास करायचा. आम्ही पुण्यात पीएमपीच्या पासवर वर्षं काढली, कोल्हापूरकरांना बसची एवढी लाज का वाटते कळत नाही.

रंकाळा_सकाळ:
दादा नाही ओ, ताई म्हणा. आमच्याकडं पोरी जातो-येतोच म्हणत्यात, तुम्ही पाव्हणे म्हणून माफ 😄
आणि पास मला तोट्यात जातोय. १७ मार्च २०२३ पासनं एसटीत बायकांना अर्धं तिकीट हाय. महिन्याला पंचवीस दिवस कामाला गेलो तर अर्ध्या तिकिटानं साडेबारा दिवसांचंच भाडं झालं, पासला वीस दिवसांचं भरायचं. जानेवारी २०२५ ला भाडं १४.९५ टक्के वाढलं ते धरूनपण हा हिशोब बदलत नाही, कारण दोन्हीकडं तेवढंच वाढलं. फक्त सीबीएसवर कर्नाटकची निपाणी-बेळगाव गाडी आधी लागली तर त्यात अर्धं चालत नाही, आपलीच बघून चढायचं. गाडी घेतली तर रोज तीसेक किलोमीटर म्हणजे पाऊण लिटर तरी, पेट्रोल शंभराच्या वर, वर हप्ता, इन्शुरन्स. दोन हजाराच्या आसपास नुसतं पेट्रोल.

ई_वॉर्ड:
आयला, ताई सॉरी. मग तर मी अजून जोरात म्हणतो गाडी घ्या. रात्री हायवेला एकटीनं उभं राहणं बरं नाही.

रंकाळा_सकाळ:
म्हणजे मघाशी भावा होतो तोवर वेळ वाचवायला गाडी, आता ताई झालो तर सेफ्टीला गाडी? गाडीवर रात्री एकटी हायवेनं येणं सेफ आणि भरलेल्या एसटीत कंडक्टरसमोर बसून येणं अनसेफ, हे कसं काय ते सांगा. गाडी पंक्चर झाली तर मी उजळाईवाडीजवळ कुणाला हात करू?

ई_वॉर्ड:
पंक्चर महिन्यातनं एकदा होईल. स्टॉपवर उभं राहणं रोजचं हाय. मी स्टॉपबद्दल बोलतोय, बसबद्दल नाही.

फौंड्रीवाला_काका:
हे मात्र पोरगं बरोबर बोललं. ताई, जॉइन होतानाच एचआरला सांग की माझी एसटी ह्या टायमाची हाय, त्याच्या पुढं थांबवलं तर सोडायची सोय करा. पहिल्याच दिवशी सांग. महिन्याभरानं सांगितलं की कुरकुर वाटती.

रुकडीकर:
आमची एक गोष्ट कुणी बोलेनाच. मी रुकडीतनं रेल्वेनं येतो, मिरज-कोल्हापूर पॅसेंजर, महिन्याचा पास. ह्या लाईनवर १८९१ पासनं रेल्वे हाय आणि अजून हिच्याइतकं स्वस्त काही नाही. ताईंच्या रूटवर ती नाही हे मान्य. पण पावसाळ्याचं बोलूया. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी ३९ फूट झालं की आमच्या पोटात गोळा, ४३ ला तर धोका पातळी. २०१९ आणि २०२१ ला शिरोलीजवळ हायवेवरच पाणी, तेव्हा गाडी असो का बस, सगळे सारखेच घरात. ताईंचं नशीब चांगलं, गोकुळ शिरगाव नदीच्या अलीकडं हाय.

ई_वॉर्ड:
पूर दहा दिवस, पाऊस चार महिने. छत्री घेऊन पंधरा मिनिटं चालत एमआयडीसीत, बाजूनं कास्टिंगचे ट्रक चिखल उडवत. जुलैत विचारतो.

पुणेरी_पाव्हणा:
पीएम ई-बस योजना केंद्रानं ऑगस्ट २०२३ ला मंजूर केली, देशभर दहा हजार बस. बस वाढल्या तर निम्मे आक्षेप गळतील. पण गाड्या वाढल्या तर बसला जागा कुठून मिळणार? बिंदू चौकात संध्याकाळी सहाला उभं राहून बघा.

ई_वॉर्ड:
पाव्हणं, ताईला सोमवारी जायचंय.

रंकाळा_सकाळ (पुढच्या रविवारी):
सहा दिवस झाले. चार दिवस जाऊन-येऊन एसटीनं. गुरुवारी साडेसात झाले, ई वॉर्ड म्हणाले तसंच, वडापनं आलो, गुडघा उचलायची वेळ नाही आली पण मांडीवर कुणाचं तरी कोथिंबिरीचं पोतं होतं. शनिवारी आमच्या लाईनवरच्या एका वहिनींनी स्कूटरवर सीबीएसपर्यंत सोडलं. एचआरला काकांनी सांगितलं तसं सांगितलंय, बघू म्हणाले. गंगावेशीत बस थांबली की कट्ट्यावर म्हशीची धार काढताना दिसती, एवढ्या वर्षांत सकाळी कधी बघितलं नव्हतं. गाडी आत्ता घेत नाही.

ई_वॉर्ड:
आणि जुलैत?

रंकाळा_सकाळ:
रेनकोट घेतलाय. पँटवाला.