मदत हवी आहे: आवडतं काम सोडून दुप्पट पगार घ्यावा का?

नमस्कार मंडळी,

गेली ७ वर्षं मी जुन्या हस्तलिखितांच्या दुरुस्तीचं काम करते. फाटलेल्या पानामागे पातळ जपानी कागद लावायचा, गव्हाच्या स्टार्चची खळ ब्रशने हलक्या हाताने पसरायची, मग पान वजनाखाली दाबून ठेवायचं. उद्या कुणाला ती दुरुस्ती काढावीशी वाटली तर ओलाव्याने खळ सुटते, म्हणून डिंक किंवा चिकटपट्टी वापरायची नाही. (चिकटपट्टीने पिवळी पडलेली पानं बघून अजून जीव तुटतो.) या कामात घड्याळाकडे लक्षच जात नाही.

पण पगार जेमतेम. घराचा हप्ता गेला की महिनाअखेरीस हात आखडतो. आता एका विमा कंपनीत दावे तपासायच्या नोकरीची ऑफर आलीय, पगार सरळ दुप्पट. ८ दिवसांत कळवायचंय.

१९५९ मध्ये फ्रेडरिक हर्झबर्ग या मानसशास्त्रज्ञाने मांडलं होतं की कमी पगाराने माणूस नाराज होतो, पण नुसत्या जास्त पगाराने कामात समाधान येत नाही. पटतं. पण हप्ता समाधानाने भरता येत नाही ना!

नवरा म्हणतो, ‘तूच ठरव.’ म्हणजे काहीच मदत नाही.

असा बदल कुणी केलाय का? दोन-तीन वर्षांनी जुन्या क्षेत्रात परत येता आलं का, की हात बसलेला सुटतो? आणि आहे तिथेच पगारवाढ मागायची तर हातातल्या ऑफरचा उल्लेख करावा का?