प्रतिसाद: पियानो मागे नव्हताच

भाऊ व्हायोलिनवर आणि बहीण पियानोवर, अशा कार्यक्रमात बहिणीच्या वाट्याला नुसती साथच आली, असं वर एकांनी लिहिलंय. मला हे अजिबात पटलं नाही. नरिमन पॉइंटच्या त्या कार्यक्रमाला मीही होतो. संगीतकार सेझार फ्रांकच्या सोनाटाचा (व्हायोलिन आणि पियानोसाठीची अनेक भागांची रचना, १८८६) शेवटचा भाग आठवा. सुरावट आधी पियानो मांडतो, व्हायोलिन एका मापाच्या (तालाच्या एका छोट्या आवर्तनाच्या) अंतराने तीच धरतं. म्हणजे बहीण पुढे, भाऊ मागे! ती जराशी जरी घाईला आली असती तरी सगळं विस्कटलं असतं. भाऊ तिच्याकडे जवळजवळ पाठ करून उभा होता आणि ती त्याच्या उजव्या कोपराकडे बघून सूर टाकत होती. लहानपणापासून एका घरात रियाज झाल्याशिवाय हे येत नाही. येहुदी (व्हायोलिन) आणि हेफ्झिबा (पियानो) मेन्युहिन या भावंडांची ध्वनिमुद्रणं ऐकलीत तर हेच जाणवेल.

पियानोचं झाकण पूर्ण उघडं ठेवल्याने त्याचा आवाज फार मोठा झाला, ही तक्रारही वाचली. सोनाटाच्या दुसऱ्या भागात व्हायोलिन थोडं दबलं, हे खरं. पण तो भाग पियानोवाल्याची परीक्षाच आहे, खालच्या सुरांतली ती खळबळ झाकण अर्धं लावून कशी ऐकू येणार? बेथोव्हेननेही क्रॉइट्झर सोनाटाच्या (तोही व्हायोलिन-पियानोचाच) मुखपृष्ठावर पियानोचं नाव आधी घातलंय. पुढच्या वेळी डावीकडची जागा घ्या, तिचे हात दिसतील.