भगोरियाला कॅमेरा घेऊन जाता, मुलांचे फोटो कुणाला विचारून काढता?

रामबागवाला: होळीच्या आधी आदिवासींचा भगोरिया मेळा आला की इंदुरातून कॅमेऱ्यांची फौज झाबुआ-आलिराजपूरला निघते. मग ग्रुपवर तेच ते: शेंबडं नाक, फाटकी चड्डी, टपोरे डोळे, वर कृष्णधवल. ना मुलाचं नाव, ना गावाचं. ही कसली डॉक्युमेंटरी? २०१८ मध्ये आलेसिओ मामो या इटालियन फोटोग्राफरवर जगभर टीका झाली. त्याने यूपीत आणि आपल्याच मध्य प्रदेशात गावकऱ्यांना खोट्या जेवणाच्या टेबलापुढे डोळ्यांवर हात ठेवून उभं केलं होतं. शेवटी माफी मागितली. आपण टेबल नेत नाही, एवढंच.

माळवी मिरची: अहो, मग काढूच नये का? फोटोग्राफर लुईस हाइन १९०८ पासून अमेरिकेतल्या गिरण्या-खाणींमधली पोरं टिपत हिंडला, कधी बायबल विकणारा बनून आत शिरला. परवानगीची वाट बघत बसला असता तर? आणि भोपाळ? १९८४ ला रघु राय यांनी मातीआड जाणाऱ्या त्या लेकराचा चेहरा टिपला, तो कुणाला विचारून?

रामबागवाला: हाइन तर माझ्याच बाजूचा! फसवलं ते मालकांना. पोरांचं नाव, वय, मजुरी तो टिपून घ्यायचा. उंचीसुद्धा स्वतःच्या कोटाच्या बटणांवरून मोजायचा. भोपाळचं मान्य. पण भगोरिया म्हणजे गॅसकांड नव्हे, भिया. तिथे दोन मिनिटं बोलायला वेळ असतो.

छत्रीबागेतून: मी कुपोषणाच्या कामासाठी फोटो काढते. चेहरा लागतोच असं नाही. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाच्या दंडाला मापाची पट्टी लावायची, ११.५ सेंटिमीटरच्या आत आलं की लाल, म्हणजे तीव्र कुपोषण. ती पट्टी आणि तो दंड, बस. चेहरा घ्यायचाच झाला तर आईला स्क्रीनवर दाखवते. नको म्हणाली तर तिच्यासमोर डिलीट.

माळवी मिरची: ताई, पट्टी बघून कुणी खिशात हात घालत नाही. १९३६ साली डोरोथिया लँगने अमेरिकेतल्या त्या स्थलांतरित मजूर आईचा आणि मुलांचा फोटो काढला, तेव्हा लोक हलले ते चेहऱ्यामुळेच.

छत्रीबागेतून: हलले, खरंय. पण तिचं नाव फ्लॉरेन्स थॉम्प्सन, हे जगाला कळायला १९७८ उजाडलं. फोटो जगभर छापला गेला, तिला दमडी मिळाली नाही.

रामबागवाला: ताई, एक विचारू? फोटोवाले आले की काहीतरी मिळतं, असं गावात पक्कं बसलंय. अशात आई 'नको' म्हणते तरी का कधी?

छत्रीबागेतून: क्वचित. म्हणून रेशन किंवा औषधवाटपाच्या दिवशी मी कॅमेरा नेतच नाही.