मदत हवी आहे: उन्हाळ्यात दिवसा वापरायला पुरुषांचा जुन्या काळचा परफ्यूम

केदार_ठाणे: ठाणे-मुंबईच्या दमट उन्हात रोज ऑफिसला वापरता येईल असा, पुरुषांचा व्हिंटेज परफ्यूम सुचवा. बजेट अडीच-तीन हजार. लिंबूवर्गीय वास आवडतात, गोडमिट्ट नको.

गंधाळ: लिंबूवर्गीयच हवं तर जुनी बाटली घेऊच नका. लिंबू-बर्गमॉटची तेलं हवा-उजेडाने सगळ्यात आधी बिघडतात आणि वॉर्निशचा वास मारतो. ४७११ नावाचं कोलोन अठराव्या शतकाच्या अखेरीपासून बनतंय, ते आजचं ताजं घ्या. तासाभरात उडतं, म्हणून छोटी बाटली बॅगेत ठेवा.

जुनंच हवं तर ज्याचा जीव पाल्यात, लाकडात, ओकमॉसमध्ये (ओकच्या झाडावर वाढणारं दगडफूल) आहे असं शोधा. माझं मत जेफ्री बीनच्या ग्रे फ्लॅनेलला, १९७५ चं. व्हायोलेटच्या पानांचा हिरवा, चिरलेल्या काकडीसारखा वास, खाली कोरडं ओकमॉस. पहिली दहा मिनिटं कडवट आणि उग्र असतात, तेवढ्यावरून ठरवू नका. एक फवारा पुरतो. भर गर्दीच्या लोकलमध्ये दोन म्हणजे शेजारच्याला त्रास.

केदार_ठाणे: धन्यवाद! फोटोवरून बाटली जुनी आहे हे कसं ओळखायचं?

अत्तरदाणी: खोक्याच्या मागच्या बाजूचा फोटो मागवा. युरोपात विकायच्या मालावर २००५ पासून लिमोनिन, लिनालूल, कुमारिन अशी ॲलर्जीकारक द्रव्यं नावानिशी छापावी लागतात. ती नसतील तर माल बहुधा आधीचा. अमेरिकेत विकायच्या खोक्याला मात्र ही कसोटी लावू नका, तिथे नुसतं 'फ्रेग्रन्स' लिहिलं तरी चालतं. यादीत एव्हर्निया प्रुनास्ट्री हे नाव दिसलं तर ते ओकमॉस.

उजेडासमोर धरून द्रवाची पातळीही दाखवायला सांगा. बरीच खाली असेल तर आत तेवढी हवा खेळलीय. उघड्या तोंडाच्या बाटलीपेक्षा फवाऱ्याची कधीही बरी.

ग्रे फ्लॅनेल जड वाटलं तर पिनो सिल्व्हेस्त्रे बघा. १९५५ चं, इटालियन, पाइनच्या शंकूच्या आकाराची हिरवी बाटली. आजही निघतं.

गंधाळ: महत्त्वाचं राहिलं. जुन्या कोलोनच्या बर्गमॉट तेलात बर्गॅप्टीन असायचं. ते लावलेल्या उघड्या त्वचेवर ऊन पडलं की तपकिरी डाग उठतात आणि महिनोन्महिने जात नाहीत. त्यामुळे जुनं काहीही मानेवर किंवा हातावर नको, शर्टाच्या आत छातीवर मारा. पांढऱ्या कापडावरही नको, पिवळा डाग राहू शकतो. बाटली बाथरूममध्ये न ठेवता खोक्यासकट कपाटात ठेवा.