मराठी फोनवर ॲपमधले आकडे बिघडतात: लोकेल इंग्रजीवर बांधून टाकावी का?

रानजाई

एका दूध संकलन केंद्रासाठी आम्ही दोघांनी ॲन्ड्रॉइड ॲप केलं. लिटर, फॅट, एसएनएफ (दुधातले फॅट सोडून बाकीचे घन घटक) भरायचं आणि सर्व्हरला पाठवायचं, एवढंच काम. आमच्या फोनवर तीन आठवडे सुरळीत चाललं. केंद्रावर दोन फोन होते. पहिल्याच सकाळी त्यातल्या एकावरून आलेल्या सगळ्या नोंदींत फॅटचा रकाना कोरा! रेंज बघितली, बॅटरी सेव्हर बंद केला, दोन दिवस भलतीकडेच शोधत बसलो. शेवटी तो फोन हातात घेतला तेव्हा उलगडा झाला. त्याची भाषा मराठी होती, बाकी सगळ्यांची इंग्रजी.

फॅट एका दशांशापर्यंत दाखवायला आम्ही स्ट्रिंगचं (म्हणजे मजकुराचं) ‘फॉरमॅट’ वापरलं होतं. लोकेल, म्हणजे भाषा-प्रदेशाची सेटिंग, सांगितली नाही तर ते फोनची लोकेल उचलतं आणि मराठी असेल तर 3.5 चं ‘३.५’ करतं. सर्व्हर नोडवर, म्हणजे जावास्क्रिप्टमध्ये, आहे. जावास्क्रिप्टच्या ‘नंबर’ला देवनागरी अंक कळत नाहीत. तो ‘नॅन’ (‘ही संख्या नाही’) देतो, जेसन या माहिती पाठवायच्या मजकूर-स्वरूपात जाताना त्याचा ‘नल’ (रिकामी किंमत) होतो आणि कुठेही एरर दिसत नाही. हिंदीत फोन ठेवून तपासलं असतं तरी हे सापडलं नसतं. युनिकोडच्या सीएलडीआर या लोकेल-माहितीसाठ्यात हिंदीचे मूळ अंक 0 ते 9 धरलेले आहेत, मराठी आणि नेपाळीचे मात्र ० ते ९.

माझं मत असं: आकडा यंत्राकडे जाणार असेल तिथे ‘लोकेल.रूट’ (कुठल्याच भाषेची नसलेली) द्यावी, माणूस वाचणार असेल तिथे त्या माणसाची लोकेल. आणि मराठीत ठेवलेल्या फोनवर तपासल्याशिवाय रिलीज करू नये. जोडीदार म्हणतो, सगळ्या ॲपची लोकेल इंग्रजीवर बांधू आणि मोकळे होऊ. मला ते पटत नाही. तुम्ही काय करता?

दोनओळी

जोडीदाराचं ऐका. ॲप सुरू होतानाच ‘लोकेल.सेटडिफॉल्ट’ला इंग्रजी द्या, एका ओळीत काम होतं. तुमचा नियम कागदावर छान आहे, पण कोडमध्ये शंभर ठिकाणी फॉरमॅट असतो. उद्या तिसरा मुलगा टीममध्ये आला की तो एका ठिकाणी विसरणार आणि पुन्हा कुणाच्या तरी दुधाचे पैसे अडकणार. मोबाईल नंबर, यूपीआयची रक्कम, सगळं लोक इंग्रजी अंकांतच वाचतात. ३.५ च्या जागी 3.5 दिसलं म्हणून कुणाचं नुकसान होत नाही. नल गेला तर होतं.

रानजाई

विसरण्याचा मुद्दा खरा आहे, पण त्यावर उपाय आहे. ॲन्ड्रॉइड स्टुडिओचं लिंट, म्हणजे कोडमधल्या चुका शोधणारं साधन, ‘डिफॉल्ट लोकेल’ या नावाने इशारा देतं. आम्हालाही दिला होता, आम्हीच पुढे गेलो. आता तो इशारा एरर म्हणून लावलाय, त्यामुळे लोकेल न देता लिहिलं तर बिल्डच होत नाही.

आणि केंद्रावर येणाऱ्या म्हाताऱ्या बायका चिठ्ठी स्वतः वाचतात. त्यातल्या काहींना इंग्रजी आकडा ओळखता येत नाही, शेजारच्याला विचारावा लागतो. आपली फॅट किती लागली हे तिला कुणाला विचारायला लागू नये. मी ॲप मराठीत केलं ते याचसाठी.

खातेवही

मी पतसंस्थांसाठी विंडोजवर प्रोग्रॅम करतो. माझं मत तुम्हा दोघांपेक्षा वेगळं आहे: मशीनची लोकेल विचारूच नका. ॲप मराठी आहे ना, मग कोडमध्ये मराठीची खूण ‘एमआर’ स्पष्ट लिहा. फोन इंग्रजीत असला म्हणून सभासदांची यादी इंग्रजी होत नाही.

माझा अनुभव यादीच्या क्रमाचा. एसक्यूलाइट हा डेटाबेस काही न सांगता बाइटनुसार, म्हणजे अक्षरांच्या कोडच्या आकड्यांनुसार, क्रम लावतो. युनिकोडमध्ये ळ लगेच लच्या मागे बसवलाय, म्हणून ‘काळे’ आधी येतात आणि ‘काशीद’ नंतर. क्षीरसागर तर सगळे क संपल्यावर आणि खच्या आधी. आपण शाळेत ह, ळ, क्ष, ज्ञ म्हणत शिकलो, संस्थेचं हाताने लिहिलेलं रजिस्टरही त्याच क्रमाचं. सचिव छापील यादी आणि रजिस्टर शेजारी ठेवून सभासद शोधत बसायचे, त्यात वेळ जायचा. शेवटी आयसीयू लायब्ररीचा मराठी कोलेटर (भाषेप्रमाणे क्रम लावणारा भाग) जोडला. दोनओळी, तुम्ही अख्ख्या ॲपची लोकेल इंग्रजी केलीत की कोलेटरही मुकाट्याने इंग्रजीचा येतो. आकडे सुधारतील, नावं बिघडतील.

तळटीप

मला हा वादच चुकीच्या जागी चाललाय असं वाटतं. फॅट स्ट्रिंग म्हणून पाठवलीच का? जेसनमध्ये संख्या संख्या म्हणूनच जायला हवी, फॉरमॅट फक्त पडद्यावर. आणि सर्व्हरने नॅन आल्यावर नोंद नाकारायला हवी होती. लोकेलला कशाला दोष देता?

उलट्या बाजूनेही बघा. कीबोर्डवरून कुणी देवनागरी अंक टाकले तर? कॉटलिन या ॲन्ड्रॉइडच्या भाषेत ‘३५’ला ‘टूइंट’ (मजकुराचा पूर्णांक करणारं) लावलं तर 35 मिळतं. ‘३.५’ला ‘टूडबल’ (दशांश संख्या करणारं) लावलं तर ॲप क्रॅश. लिटर पूर्णांकात असतील तर चालून जातील, फॅट भरताना पडेल. अंक आत घेतानाच 0 ते 9 मध्ये बदलून घ्या.

रानजाई

संख्या म्हणून पाठवायला हवी होती, हे मान्य. कालच बदललं, सर्व्हरवर तपासणीही घातली. पण तारीख शेवटी मजकूर म्हणूनच जाते, आणि तारखेचा मजकूर करणारं ‘सिंपलडेटफॉरमॅट’ मराठी फोनवर वर्षाचेही अंक बदलतं. रोजच्या सीएसव्ही फाइलच्या नावात तीच तारीख आहे. तिथे लोकेलचा विचार करावाच लागतो.

टूडबलचं माहीत नव्हतं. करून पाहिलं, खरंच पडलं. आभार.

खातेवही, यादीसाठी तुमचं पटलं, मराठी कोलेटर थेट कोडमध्ये घेते. आकड्यांसाठी मात्र फोनच्या मालकाची निवड राहू द्यावी असंच मला वाटतं. ज्याने फोन इंग्रजीत ठेवलाय त्याला इंग्रजी अंकच वाचायचे असतील.

दोनओळी

कोलेटरचा मुद्दा माझ्या लक्षात आला नव्हता. सगळी लोकेल बांधायचा सल्ला मागे घेतो. पण चिठ्ठीच्या बाबतीत मी ठाम आहे. महिन्याच्या शेवटी हिशेब तपासणारा माणूस चिठ्ठी आणि संगणकातली नोंद शेजारी धरून बघतो, तेव्हा एकीवर ८ आणि दुसरीवर 8 असेल तर घाईत नजर चुकते. मी दोन्ही ठिकाणी एकच अंक ठेवीन.

रानजाई

मग चिठ्ठीवर दोन्ही छापून बघते, वर मराठी आणि खाली बारीक इंग्रजी. आमच्या छोट्या थर्मल प्रिंटरमध्ये देवनागरी नाहीच, त्यामुळे चिठ्ठी एरवीही चित्र करूनच पाठवतो. एक ओळ वाढेल, कागद थोडा जास्त लागेल. सोमवारी केंद्रावर देते आणि आधी त्या बायकांना दाखवते.