सेको ५ : झाकणावरच्या क्रमांकावरून साल कसं काढायचं?

मनगटी :
ऑटोमॅटिक सेको ५, स्टीलची केस, चावी चारच्या आकड्याशी, निळी डायल. मागच्या झाकणावर ६११९-८०८३ आणि दुसरीकडे ३ एन १४६२. पहिल्या अंकावरून साल कळतं म्हणतात, मग हे १९७३ की १९८३? आणि मध्येच ‘एन’ कशाला? केसवर भरपूर ओरखडे आहेत, डायल मात्र कोरी करकरीत आहे, म्हणून शंका येते.

लोलक :
‘३’ म्हणजे सालाचा शेवटचा अंक, दुसरी जागा महिन्याची. जानेवारी ते सप्टेंबर १ ते ९, मग ऑक्टोबरला ओ, नोव्हेंबरला एन, डिसेंबरला डी. ‘ओ’ आणि शून्य यांत गोंधळू नका, दुसऱ्या जागी या दोघांपैकी काहीही वाचलंत तरी तो ऑक्टोबरच. पुढचे चार अंक त्या महिन्यातला अनुक्रमांक.

दशक या क्रमांकात नसतं, ते कॅलिबरवरून, म्हणजे आतल्या मशीनच्या मॉडेलवरून ठरवायचं. ६११९-८०८३ मधले पहिले चार अंक मशीनचे, नंतरचे चार केसचे. ६११९ हे मशीन साठच्या दशकाच्या अखेरीस आलं आणि सत्तरच्या दशकातच बंद झालं. तेव्हा तुमचं झाकण नोव्हेंबर १९७३ चं. सगळीकडे इतकं सोपं नसतं. ६३०९-७०४० हे पाणबुड्यांचं घड्याळ १९७६ ते १९८८ चाललं, तिथे ७ ने सुरू होणारा क्रमांक १९७७ चाही असतो आणि १९८७ चाही.

मी ‘झाकण’ म्हटलं, ‘घड्याळ’ नाही. झाकण आट्यांचं असतं, दोन मिनिटांत बदलता येतं. त्यावर पाण्याबद्दल काय कोरलंय तेही वाचा. ‘वॉटरप्रूफ’ हा शब्द सेकोने १९७० च्या सुमारास सोडला आणि ‘वॉटर रेझिस्टंट’ धरला. १९७३ च्या क्रमांकासोबत ‘वॉटरप्रूफ’ दिसलं तर दाल में काला.

दहापट_भिंग :
डायलबद्दल. भिंग दहा पटीचं घ्या आणि सहाच्या आकड्याखाली बघा. मूळ डायलवर तिथे अगदी बारीक अक्षरांत ‘जपान’ आणि डायलचा स्वतःचा क्रमांक असतो. त्याचे शेवटचे चार अंक केसशी जुळतीलच असं नाही. ६१३९-६००२ च्या केसमध्ये ६१३९-६००९टी लिहिलेली मूळ डायल सर्रास सापडते. कॅलिबरचे चार अंक मात्र जुळायला हवेत.

मग तारखेच्या खिडकीची कड पाहा. रिडायल, म्हणजे जुनी डायल पुन्हा रंगवून छापताना फवारलेला रंग आतल्या कडेवर साचतो आणि कोपरे गोलसर दिसतात. मिनिटांच्या रेघा वर बसवलेल्या खुणांच्या मधोमध येतात का, की अर्ध्या रेघेने सरकल्यात? छपाईच्या शाईला कडेने पाय फुटलेत का? काटे गंजलेले आणि डायल झळझळीत, ही जोडी तर नुसत्या डोळ्यांनाही खटकते. एकाच काचेखाली पन्नास वर्षं राहिलेल्या दोन वस्तू इतक्या वेगळ्या म्हाताऱ्या होत नाहीत.

मनगटी :
सहाखाली फक्त ‘जपान’ आहे, क्रमांक नाही. खिडकीची कड जाड आणि गोलसर. झाकणावर ‘वॉटर रेझिस्टंट’. न उघडता मशीन कळेल का?

दहापट_भिंग :
डायल रिडायल आहे, विषय संपला.

लोलक :
मशीनची चाचणी चावीवर होते, पण रात्री नऊ ते पहाटे चारच्या दरम्यान करू नका. तेव्हा तारीख ढकलणारं चाक आधीच गुंतलेलं असतं, जबरदस्ती केली तर दात तुटतात. काटे फिरवून सहावर आणा, मग बघा. ६११९ मध्ये चावी आत दाबायची असते, अर्धी दाबली की तारीख, पूर्ण दाबली की वार. चावी फिरवून स्प्रिंग भरत नाही, घड्याळ हलवूनच चालू होतं.

मनगटी :
दाबून काहीच होत नाही. एक टप्पा ओढून एका बाजूला फिरवली की तारीख सरकते, दुसऱ्या बाजूला वार.

लोलक :
मग आत ६११९ नाही. ओढून दोन्ही बाजूंना फिरवणं ही ७००९ किंवा ७एस२६ सारख्या नंतरच्या मशीनांची रीत. ७एस२६ तर १९९६ मध्ये आलं. झाकण उघडून रोटरवर (हलवल्यावर गोल फिरणारं वजन) आणि ब्रिजवर (चाकं धरून ठेवणारी पट्टी) कोरलेला क्रमांक वाचा. तीन टोकांचा ओपनर खाचांत नीट बसवा, घसरला तर झाकणावर नवा ओरखडा. उघडलंच आहे तर झाकणाच्या आतल्या बाजूला तिरकस उजेड पाडा. दुरुस्ती करणारे तिथे सुईने तारीख खरवडून ठेवतात. ‘३-७८’ सारखं काही दिसलं तर ते झाकण मार्च १९७८ ला वापरात होतं एवढं पक्कं, मशीनबद्दल त्यातून काहीच कळत नाही.

दहापट_भिंग :
आणि झाकणाखालची रबरी रिंग बदला. जुनी चिकट झालेली रिंग आट्यांत अडकते आणि झाकण तिरकं बसतं.