मागच्या मैदानातला ढोल-ताशा सराव

ओवीची आई, बी ३०२: सेक्रेटरी काका, मागच्या मैदानातल्या सरावाचं काहीतरी बघा ना. रोज साडेसहा ते साडेनऊ. ओवी सात महिन्यांची आहे. जरा डोळा लागला की टोल पडतो, आणि ती दचकून दोन्ही हात वर करते. खिडक्या लावल्या तरी तावदानं थरथरतात.

पाटणकर काका, ए ५०१: वर्षातून दीड महिना असतं हे. पुण्यात राहून ढोलाचा त्रास म्हणजे कमाल आहे! आमच्याही खिडक्या त्याच बाजूला आहेत. मला तर काही त्रास होत नाही.

पाटणकर काकू, ए ५०१: कानातलं मशीन काढून बसल्यावर कसा होईल.

साहिलचे बाबा, सी २०४: काकू 😂 पण साहिलची दहावी आहे हो. काल गॅलरीत फोनवर मोजलं, ७६ डेसिबल. फोनचं मोजमाप थोडं इकडे-तिकडे होतं, तरी ध्वनिप्रदूषणाच्या २००० च्या नियमांत निवासी भागाला दिवसा ५५ आणि रात्री ४५ आहे. दहा डेसिबल वाढले की आवाजाची ऊर्जा दहापट होते, सरळ बेरीज नसते ती.

पाटणकर काका: रात्र म्हणजे दहा ते सहा. पोरं साडेनऊला थांबतात. आणि हरित लवादाने पथकात ३० च वादक म्हणून सांगितलं होतं, त्याला सुप्रीम कोर्टाने २०२४ च्या सप्टेंबरमध्ये स्थगिती दिली. विसरलात?

साहिलचे बाबा: ती डोक्यांच्या संख्येवर होती काका. ५५ चा आकडा त्यामुळे कुठे गेला?

सेक्रेटरी: मुद्द्यावर राहू या. टँकर आठला येतोय, मोटर कोणी लावू नका.

मुक्ता टीचर, ए १०३: अभ्यासाचं म्हणाल तर न्यूयॉर्कच्या एका शाळेचं उदाहरण मी पालकसभेत नेहमी सांगते. मॅनहॅटनमधली पीएस ९८. वर्गांच्या एका बाजूला खांबांवरून जाणारी रेल्वे. दर साडेचार मिनिटांनी गाडी, की बाईंना बोलणं थांबवावं लागायचं. अर्लीन ब्रॉन्झाफ्ट या मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९७५ मध्ये तपासलं, तर सहावीपर्यंत रुळांकडच्या वर्गातली मुलं पलीकडच्या मुलांपेक्षा वाचनात जवळपास वर्षभर मागे. शाळा तीच, वस्तीही तीच. मग रेल्वेने रुळांखाली रबर बसवलं, वर्गांना आवाज शोषणारं छत केलं. १९८१ मध्ये पुन्हा पाहिलं तर फरक गेलेला. म्हणून म्हणते, भांडण नको, रबर शोधू या.

रोहन, ए ५०१: टीचर, मी पथकात ढोल वाजवतो म्हणून बोलतो. बार्सिलोनाचं २०२२ चं संशोधन आहे, ३८ शाळा, २,६८० मुलं. शाळेतल्या रहदारीच्या आवाजाने मुलांच्या स्मरणशक्तीची वाढ मंदावली होती. घरच्या आवाजाचा परिणाम मात्र दिसला नाही. म्हणजे शाळा सुटल्यावर आम्ही वाजवलं तर?

मुक्ता टीचर: वाचून आलायस, शाबास. पण ते रस्त्यावरच्या गाड्यांबद्दल आहे. गॅलरीखालच्या ढोलांबद्दल नाही.

डॉक्टर ताई, बी ६०१: आत्ता ओपीडीतून आले, सगळं वाचलं. ओवीची झोप आणि साहिलचा अभ्यास, दोन्ही खरं आहे. पण आपण सगळे खिडकीत उभं राहून बोलतोय. आपल्या सोसायटीची किती मुलं त्या मैदानात वाजवतात?

रोहन: सात. तन्वी सगळ्यात लहान, ताशावर.

तन्वीची आई, सी ४०१: अकरावीत आहे. डॉक्टर, विचारायचंच होतं. घरी आली की टीव्ही मोठा करते. परवा जेवताना म्हणाली, आई, कानात शिट्टी वाजतेय. मी म्हटलं झोप, जाईल. सकाळी गेली होती.

डॉक्टर ताई: ही शिट्टी म्हणजे कान थकल्याची खूण. आतल्या कानात साधारण पंधरा हजार केसपेशी असतात. दमल्या की बहिरट वाटतं, रात्रीत सावरतात. रोज तेच झालं की काही मरतात, आणि माणसात त्या पुन्हा उगवत नाहीत. सकाळी गेली म्हणून काही झालं नाही असं नसतं. हिशेब असा: ८५ डेसिबलला मोठ्या माणसाचे आठ तास, पुढे दर तीन डेसिबलला वेळ निम्मी. शंभरला पंधरा मिनिटं. मुलांना तर कमीच धरायचं. ताशाशेजारी शंभर सहज होतात आणि ही मुलं तीन तास उभी असतात.

पाटणकर काका: आम्ही कधी कापूससुद्धा घातला नाही.

डॉक्टर ताई: कापसाचा बोळा तसाही फारसा कामाचा नसतो काका. आणि तुमचं मशीन कशाने लागलं, वयाने की ताशाने, ते मी सांगू शकत नाही. वाजवत होतात किती वर्षं?

पाटणकर काका: अठरा.

पाटणकर काकू: डावा कान. ताशेवाल्यांच्या रांगेकडचा.

रोहन: पण प्लग घातला की हात चुकतो. प्रमुखांचा इशारा ऐकू येत नाही.

डॉक्टर ताई: इशारा हाताने द्यायचा रे, ध्वजवाले देतात ना! फोमचा प्लग बोटांत वळून काडीसारखा बारीक कर, डोक्यावरून दुसरा हात नेऊन कान वर ओढ, मग आत सार आणि फुगेपर्यंत बोट धरून ठेव. बाहेर अर्धा लोंबत असेल तर तो दागिना झाला. वादकांसाठी वेगळे प्लगही मिळतात, त्यात ठेका नीट ऐकू येतो. आणि बाळांना खांद्यावर घेऊन बघायला येणारे आईबाबा असतात, त्यांना मागे उभं करा.

सेक्रेटरी: रविवारी अकराला पथकप्रमुखांना भेटायला कोण येतं? पोलिसांत तक्रार हा शेवटचा उपाय.

साहिलचे बाबा: मी येतो. निदान शाळेच्या दिवशी साडेआठला थांबा आणि रांगांची तोंडं नदीकडे फिरवा, एवढंच मागू.

पाटणकर काका: मीही येतो. तिथली जुनी मंडळी माझ्या ओळखीची आहेत. मशीन लावून येतो.

तन्वीची आई: तन्वी विचारतेय, प्लग भगवे मिळतात का?

डॉक्टर ताई: नारिंगी मिळतात. उद्या संध्याकाळी घेऊन ये तिला, घालायला शिकवते. सोबत श्रवणचाचणीही करून घेऊ.

ओवीची आई: थांबलं वाटतं आजचं. ओवी झोपली.

सेक्रेटरी: टँकर आला. गेट उघडायला कोणीतरी खाली या.